मापाचा दस्ता

बाजारात तयार मिळणारी वस्तू घेतली म्हणजे आपल्याला तिच्या मापाचे व्हावे लागते. जोडा पायाला चावतो, तरी ‘होईल हळूहळू सैल’ असे म्हणून आपण तो मुकाट्याने वापरतो. शाळेच्या बाकावर उंच मुलगा पाठीला बाक काढून बसतो आणि ठेंगण्या मुलाचे पाय अधांतरी लोंबत राहतात. बहुतेक वस्तू कोणा एका सरासरी माणसासाठी केलेल्या असतात. तो सरासरी माणूस मात्र कोठेच भेटत नाही. हा विचार माझ्या मनात प्रथम आला, तो एका सुताराच्या पडवीत, एका लाकडी दस्त्याच्या निमित्ताने.

१९८२ सालच्या उन्हाळ्यातली ही हकिकत. त्या वेळी मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात शिक्षक होतो. तो मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १९९८ साली. माझा अकरा वर्षांचा भाचा सुटीसाठी माझ्याकडे आला होता. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्याचा डावा हात दुबळा राहिला होता. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्या काळी अशी मुले गावोगाव दिसत.

गावातल्या भिल्ल मुलांचा आवडता खेळ म्हणजे तीरकामठ्याने नेम मारणे. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट कामटीची. डाव्या हाताने कामठा ताठ धरायचा व उजव्या हाताने दोरी मागे ओढायची. दोन्ही हातांत बळ असेल त्यालाच हा खेळ साधे. माझा भाचा रोज संध्याकाळी चिंचेच्या बुंध्याशी बसून दुसऱ्यांचे तीर मोजी. पहिले दोन दिवस त्या मुलांनी त्याला खेळायला बोलावले. तिसऱ्या दिवशी कोणी बोलावले नाही. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. तोच तोच नकार ऐकून ती कंटाळली होती, इतकेच.

त्या रात्री मला आडव्या धनुष्याची आठवण झाली. या धनुष्यात कामठा एका लाकडी दस्त्याच्या टोकाला आडवा बसविलेला असतो. दोरी ओढून दस्त्यावरच्या खाचेत अडकविली, की पुढे ती हाताने ताणून धरावी लागत नाही. ते काम लाकूड करते. चाप दाबला, की दोरी सुटते आणि पन्हळीत ठेवलेला तीर पुढे जातो. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी सैनिक अशी धनुष्ये वापरीत. १९७४ साली तेथे शीआन शहराजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकांची एक प्रचंड सेना सापडली. तिच्याबरोबर या धनुष्यांचे काशाचे चापही निघाले. त्यांचे लाकूड मात्र मातीत कुजून गेले होते. युरोपात तर हे शस्त्र इतके भयंकर मानले गेले, की ११३९ साली ख्रिस्ती धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध ते वापरण्यास मनाई केली. आपल्या देशात निकोबार बेटांवरचे लोकही असे धनुष्य वापरीत आले आहेत. युद्धाशी मला कर्तव्य नव्हते. एका हाताचे काम लाकूड करू शकते, एवढाच धागा मी पकडला.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी सुताराच्या घरी गेलो. त्या वृद्ध सुताराला सारे गाव ‘नाना’ म्हणत असे. कागदावर काढलेली आकृती मी त्यांना दाखविली. ती त्यांनी चटकन बाजूला ठेवली आणि भाच्याला म्हणाले, “ये बाळ, जरा उभा राहा पाहू.” त्यांनी त्याचा उजवा हात कोपरात वाकविला. कोपराच्या बेचक्यापासून तर्जनीपर्यंतचे अंतर त्यांनी सुतळीने मोजून गाठ मारली. मग खांद्यापासून डोळ्यापर्यंतचे अंतर. त्याची दुसरी गाठ. शेवटी त्याचा डावा हात त्यांनी आपल्या तळव्यावर अलगद पेलला. कीव करणारे स्पर्श त्या मुलाला पुष्कळ झाले होते. हा स्पर्श तसा नव्हता. लाकूड पारखताना त्यांचा हात जसा फिरे, तसाच तो फिरला. भाच्याने हात मागे घेतला नाही.

लाकडाची निवड करण्यात अर्धा दिवस गेला. धावडा चिवट, पण फार जड. शिसव देखणे, पण तेही वजनदार. ओले लाकूड वाळताना आकसते आणि पिळते. मग पन्हळ वाकडी होऊन तीर भलतीकडे जातो. अखेर पडक्या वाड्याची एक सागवानी तुळई नानांनी पसंत केली. “पन्नास पावसाळे हिने पाहिले. आता ही कशाला वाकते?” ते म्हणाले.

मग करवत चालली, वाकसाचे घाव पडले, रंधा सळसळू लागला. सागाचा तो करडा तेलकट वास पडवीत भरून राहिला. नाना पटाशी नेहमी रेषांच्या कलाने चालवीत. उलट चालविली तर लाकूड उचकटते. दस्त्यात त्यांनी एक उभे भोक पाडले व त्यात खुंटी बसविली. खालची पट्टी दाबली, की खुंटी वर येऊन दोरीला खाचेबाहेर ढकली. हाच आमचा चाप. दस्त्याच्या टोकाला पाय ठेवण्यासाठी लोखंडी रिकीब लावली आणि भाच्याच्या कमरपट्ट्याला एक आकडा. युरोपातील जुने धनुर्धारी असेच करीत. रिकिबीत पाय रोवायचा, वाकून दोरी आकड्यात घ्यायची आणि ताठ उभे राहायचे. दोरी ओढतात ते पाय आणि पाठ. भाच्याचे पाय चांगले दणकट होते!

एका भिल्ल आजोबांनी हलका कामठा करून दिला आणि नानांनी तो घट्ट पिळाच्या दोरीने दस्त्याला जखडला. पहिल्या दिवशी मात्र धनुष्याचे तोंड सारखे खाली झुके. पुढच्या भाराने डावा हात थरथरे. भाच्याचा चेहरा उतरला. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी दस्त्याचा पुढचा भाग खालून कोरून हलका केला, मागे लाकडाचा जाड तुकडा जोडला आणि चापाच्या पुढेच तळव्याएवढा खोलगट आधार कोरला. आता सारा तोल तेथे आला. डावे कोपर कमरेला टेकवून त्या तळव्यावर दस्ता नुसता विसावू लागला. मग कानस, काचकागद आणि जवसाच्या तेलाचे तीन हात.

नानांनी मजुरी घेतली, पण त्याआधी एक वचन घेतले : “माणसावर, जनावरावर, पाखरावर हे रोखायचे नाही. मामा जवळ असल्यावाचून हातात धरायचे नाही.” तीरांची टोकेही त्यांनी बोथट ठेवली.

त्या संध्याकाळी कडब्याच्या पेंढीवर पहिला तीर गेला तो हातभर उंचावरून. दुसरा बाजूने गेला. तिसरा पेंढीत रुतला. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग सारी पोरे एकदम भाच्याभोवती गोळा झाली. प्रत्येकाला ते धनुष्य हाताळून पाहायचे होते. त्याने ते मोठ्या मनाने दिले. पण गंमत अशी, की ते एकाच्याही हाताला नीट बसेना! कोणाला दस्ता आखूड पडे, कोणाचा डोळा पन्हळीच्या रेषेत येईना. आणि तळव्याचा तो खोलगट आधार तर सर्वांनाच अडचणीचा वाटला.

“हे असे कसे रे केले?” एका मुलाने विचारले.

भाच्याने धनुष्य परत घेतले, कोपर कमरेला टेकविले आणि हसत सांगितले, “ते माझ्या मापाचे आहे.”

आपल्या डाव्या हाताविषयी तो चारचौघांत मोकळेपणाने बोलला, तो त्या दिवशी प्रथमच. आणि सुटी संपेपर्यंत मुलांना त्याला बोलवावे लागले नाही. चिंचेखाली त्यांच्या आधी तोच जाऊन उभा असे.