न बसवलेला रोध

तारेतला रोध डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवत नाही, आणि तापलेल्या रबराच्या वासावरून तो जेव्हा कळू लागतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच दाब आणि धारा या मोजता येणाऱ्या दोन राशींवरून तिसऱ्या अदृश्य राशीचा तपास लावण्याची जी रीत शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपते, तिला माझ्या धंद्यात मी सर्वांत वरचे स्थान देत आलो आहे. दाबाला धारेने भागावे, रोध मिळतो; दाबाला धारेने गुणावे, शक्ती मिळते. एवढ्या भांडवलावर नागपूरच्या कळमना बाजाराच्या आवारातली कितीतरी गोदामे निर्धोक करता येतात, ही माझी पक्की खात्री आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी या आवारात लाल मिरचीची आवक वाढते. गोदामात छताला भिडतील अशा पोत्यांच्या थप्प्या लागतात, बाहेर पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकत असतो, आणि मीटरपासून मागच्या भिंतीपर्यंत ओढलेली जुनी तार जागोजागी जोड घेत त्या पोत्यांच्या अंगावरून गेलेली असते. अशाच एका अडत्याच्या गोदामात चाळणीची मोटर जोर धरत नाही अशी तक्रार होती. मी मोटरीला हात न लावता तारेकडे वळलो, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, बिघाड मोटरीत हाय, वायर कशाले पाहता?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच देणे योग्य होते.

अशा तपासासाठी मी दोन किलोवॅटचा हीटर सोबत बाळगतो, कारण मोटरीचा हिशेब इतका सरळ नसतो. मोटर 230 व्होल्टवर 10 अँपिअर घेत असेल तर गुणाकाराचे 2300 हे सगळे वॅट नव्हेत, शक्तिगुणक 0.75 असल्यास खरी शक्ती 1725 वॅटच भरते, आणि भागाकाराचे 23 ओहम हाही तिच्या वेटोळ्यातल्या तांब्याचा रोध नव्हे. हीटरच्या नायक्रोमला असले काही पेच नाहीत.

तारेच्या शेवटी हीटर लावला. धारा 8 अँपिअर, मीटरपाशी दाब 228 व्होल्ट, हीटरपाशी 212. वाटेत 16 व्होल्ट गेले, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेचा रोध 2 ओहम. आता तांब्याचा वाटा किती, हे पाहायचे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध 20 अंशांवर किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम, चाळीस मीटरचे अंतर, जाऊन-येऊन ऐंशी मीटर, म्हणजे सुमारे 0.59 ओहम, आणि तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के वाढत असल्यामुळे नागपूरच्या त्या दुपारी तो 0.65 धरणे भाग होते. उरलेले 1.35 ओहम कोणीही विकत आणले नव्हते, कोणीही बसवले नव्हते. ते सैल पिळलेल्या, काळ्या पडलेल्या, टेपखाली झाकलेल्या जोडांत आपोआप साचले होते.

अडत्याला पटला तो शक्तीचा जमाखर्च. मीटरपाशी जमा 1824 वॅट. हीटरपाशी 1696 पोचले, सुमारे 42 वॅट तांब्याने घेतले, आणि बाकी 86 वॅट त्या जोडांच्या नावे निघाले, तेही मिरचीच्या कोरड्या पोत्यांपासून वीतभर अंतरावर. शिवाय उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने 1841 मध्ये मांडले आहे. म्हणजे चाळणी 12 अँपिअर घेऊ लागली की धारा दीडपट, पण जोडांतली उष्णता सव्वादोन पट, सुमारे 194 वॅट. हे ऐकल्यावर त्याने आधी पोती हलवण्याचा हुकूम दिला, याचे मला मनापासून समाधान वाटले.

दाबाला धारेने भागण्याची ही रीत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो गेओर्ग ओम हा एर्लांगेनच्या एका कुलुपे घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा, आणि त्याच्या प्रयोगात मला कारागिराचाच हात दिसतो. त्या काळच्या विद्युत्‌घटांचा दाब स्थिर राहत नसे, तेव्हा बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून त्याने न ढळणारा दाब मिळवला, आणि एकाच जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून धारा मोजली. 1827 मध्ये त्याचा ग्रंथ निघाला, पण लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक देऊन त्याचा गौरव करण्यास 1841 साल उजाडले. माझ्या मते त्या सूत्राइतकेच मोल आधी दाब स्थिर करण्याच्या त्या सावधपणाला आहे. मापनाचा पाया डळमळीत असेल तर पुढचा भागाकार कितीही बिनचूक केला तरी तो व्यर्थ होय.

ते जोड काढून टाकून अखंड तार नळीतून ओढली, टोकांना थिंबल दाबून बसवले, आणि पुन्हा तोच हीटर लावला. तूट साडेपाच व्होल्टच्या आसपास आली. हे मोजमाप, धारा आणि तारीख यांसह, मी बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूस पक्क्या शाईने लिहून ठेवतो, म्हणजे पुढल्या हंगामात तिथे येणारा वायरमन, मग तो कोणीही असो, आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहू शकतो, आणि तूट वाढलेली दिसली तर मोटर उघडण्यापूर्वी टोके तपासतो.