बैठकीतली यादी आणि निकाहनाम्यातला रकाना

पाकिस्तानी मालिकांचे नाव काढले की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एकाला त्यात देशद्रोह दिसतो, दुसऱ्याला नुसती करमणूक. मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. त्या मालिकांत लग्नातला पैसा तोंडाने बोलला जातो. आपल्या मराठी मालिकांत तो बोलला जात नाही आणि आपल्या घरांत तर तो बोलणेच वाईट समजतात. या न बोलण्याची किंमत कोण मोजते, हा माझा प्रश्न आहे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मी बचत गटांचे काम करते. उसाच्या पट्ट्यातल्या गावांत अंधार पडला की बिबट्याच्या भीतीने दारे लागतात. बायका ओट्यावर बसत नाहीत, मोबाईल घेऊन आत बसतात. २०१४ साली झी समूहाने ‘जिंदगी’ वाहिनी सुरू केली तेव्हा ‘जिंदगी गुलजार है’ आणि ‘हमसफर’ या मालिका इकडच्या घरांत आल्या. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवल्या. मग बायका यूट्यूबकडे वळल्या. २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर तिकडचे मोठे चॅनेलही भारतात बंद केले गेले. तरी ‘कभी मैं कभी तुम’मधल्या शरजीनाचा विषय निघाला की गटातल्या दोघी-तिघी अजूनही तिची गोष्ट सांगायला लागतात.

शरजीनाचा ठरलेला नवरा ऐन लग्नात तिला सोडून आपल्या श्रीमंत बॉस बाईशी लग्न करतो. मग तिचे लग्न त्याच्या कामधंदा नसलेल्या धाकट्या भावाशी लागते. पुढे घर कसे चालवायचे, कमावणार कोण, हीच गोष्ट. ‘जिंदगी गुलजार है’मधल्या कशफच्या बापाने मुलगा हवा म्हणून दुसरा संसार मांडलेला असतो आणि आई शिक्षिकेच्या पगारावर तीन मुली वाढवते. या बायकांना पैशाची लाज वाटत नाही. त्या हिशोब मांडून भांडतात.

तिकडे लग्नाच्या विधीतच पैशाला जागा आहे. मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, तिच्या बापाला नव्हे. पाकिस्तानातल्या १९६१ च्या कायद्याखालच्या छापील निकाहनाम्यात मेहर किती आणि तो लगेच द्यायचा की नंतर, याचे रकाने आहेत. अठराव्या रकान्यात नवऱ्याने बायकोला तलाक घेण्याचा अधिकार दिला आहे का, हेही लिहायचे असते.

म्हणून तिकडे सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. तो अठरावा रकाना अनेकदा बाईला न विचारताच रेघ मारून खोडला जातो. पाच हजार रुपयांच्या वर हुंडा नको असा कायदा पाकिस्तानात १९७६ साली झाला, तरी ‘जहेज’ संपला नाही. मालिकांतही शेवटी बंगलेवाला नवरा मिळाला की पोरीचे प्रश्न सुटतात. जुन्नर शहरातली एक मुस्लिम ताई मला म्हणाली, “माझा मेहर पहिल्याच रात्री माफ करून घेतला, बाई. नाही कसं म्हणायचं?” कागदावर लिहिलेला हक्कसुद्धा काढून घेता येतो. मग जो लिहिलेलाच नाही त्याचे काय होणार?

आता आपल्या मालिका पाहा. ‘होणार सून मी ह्या घरची’ २०१३ साली आली. बँकेत नोकरी करणारी जान्हवी सहस्रबुद्धे आणि गोखले गृहउद्योगाचा मालक श्री. २०१८ च्या ‘तुला पाहते रे’मध्ये चाळीतली ईशा निमकर आणि उद्योगपती विक्रांत सरंजामे. साध्या घरातली मुलगी, गडगंज मुलगा, मध्ये प्रेम. जातीचा उच्चार नाही, पण आडनावे सगळे सांगून जातात. हळद, मेंदी, संगीत यांवर भागच्या भाग जातात. पण मांडवाचे बिल कोणी भरले, मुलीच्या बापाने कर्ज काढले का, दागिने कोणाच्या नावावर, हे कोणी विचारत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका मसाल्याचा धंदा उभा करते ही चांगली गोष्ट. पण तीही कमवायला लागते ती नवऱ्याने फसवल्यावर. ही समाजाने स्वतःला घातलेली झापड आहे. पैसा असलेल्या जातींना पैशाविषयी गप्प राहणे परवडते. आपल्याला परवडत नाही. तरी आपण त्यांचीच लग्ने बघून आपली लग्ने करतो.

आपल्यात हुंडा नाही, असे आपले कार्यकर्ते भाषणात सांगतात. खरेच, रोख रक्कम मागणारा उघडपणे कमीच सापडेल. पण सुपारीच्या बैठकीला बसा. तिथे ‘यादी’ होते. सोने किती, भांडी कोणती, कपाट-पलंग कोणाचा, बस्ता कोणी बांधायचा, जेवणावळ कोणाकडे, मुलाला गाडी द्यायची का. मग कोणीतरी म्हणते, “आमची मागणी काही नाही, तुमच्या राजीखुशीने द्या.” बुद्धवंदना, त्रिशरण-पंचशील, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, सारे नीट होते. मांडवाबाहेर डीजे असतो आणि मांडवामागे बचत गटाच्या कर्जाचा हप्ता.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अशीच यादी झाली. वडील हमाली करायचे. दोन तोळे सोने, भांडी, कपाट, पलंग आणि दोन्हीकडचे जेवण. मध्यस्थाच्या डायरीच्या एका पानावर सगळे उतरले. पाच वर्षांनी ती मुलीला घेऊन माघारी आली, अंगावरच्या साडीनिशी. वस्तू परत मागायला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथे प्रश्न आला, “पावत्या आहेत का? दिल्याचा पुरावा काय?” मध्यस्थ म्हणाला, डायरी सापडत नाही. सासर म्हणाले, काही दिलेच नव्हते. ज्या कागदाने माझ्या बापाला बांधले, त्याने माझ्या बहिणीला एक ताटसुद्धा सोडवून दिले नाही. कारण ती यादी तिच्यासाठी केलेलीच नव्हती. ती वरपक्षाच्या वसुलीसाठी होती.

कायद्यात मात्र तिच्यासाठी यादी आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी वधूने आणि वराने आपापली ठेवायची. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कोणी, देणाऱ्याचे नाते काय, हे लिहायचे आणि दोघांनी खाली सही किंवा अंगठा करायचा. मागणी न करता दिलेल्या भेटींना कायदा सूट देतो, पण त्या यादीत लिहिलेल्या असल्या तरच. याच कायद्याचे सहावे कलम सांगते की दुसऱ्या कोणी घेतलेला हुंडा तीन महिन्यांत त्या बाईच्या हवाली झाला पाहिजे. माझ्या कामाच्या गावांत अशी सह्यांची यादी केलेले लग्न मी अजून पाहिलेले नाही.

आणि हे कोणी परके सांगत नाही. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात हेच मांडले होते. लग्नात दिलेला हुंडा ही वधूची विश्वस्त मालमत्ता मानावी आणि ती अठरा वर्षांची झाली की तिला ती मागता यावी. नवऱ्याचा वा सासरच्यांचा तीत वाटा नाही. ते बिल अडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. त्याआधी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या बायांना बजावले होते की लग्न ही जबाबदारी आहे, पैशाने ती पेलण्याची ताकद येईपर्यंत मुलांवर लादू नका. आपण प्रतिमेला हार घातला आणि हा हिशोब विसरलो.

आमच्या तालुक्याने तर लग्नाच्या पैशावरून कोर्टही पाहिले आहे. १८८०च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी सत्यशोधक पद्धतीने, भटाशिवाय लग्न लावले. ग्रामजोशाने दावा लावला. बोलावले नाही तरी दक्षिणा माझ्या हक्काची, असे त्याचे म्हणणे. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. लग्नातल्या पैशावर जन्माने कोणाचा हक्क, असा तो वाद होता. पुरोहिताचा हक्क आपण मोडला. मुलाच्या बापाचा अजून मोडलेला नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, सह्या-अंगठे केले की नात्यात संशय येतो. बापाकडून यादी लिहून घेताना तो संशय कुठे असतो? दुसरा, यादी केली म्हणजे हुंड्याला मान्यताच दिली. नाही. मागून घेतलेले यादीत लिहिले तरी गुन्हाच आहे. पण जे दिलेच जाते ते कोणाचे, हे तरी लिहिले जाईल. आणि सगळ्यांसमोर लिहायचे म्हटले की मागणारा दहा वेळा विचार करील.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आपल्याकडे बौद्धाचार्य लग्न लावतात, ग्रामपंचायतीत विवाहाची नोंद होते. या दोन्हींच्या मध्ये एक कागद आणा. मंगल परिणयाच्या दिवशीच, पाहुण्यांसमोर, मुलीच्या भेटींची यादी वाचून दाखवा, दोघांच्या सह्या घ्या आणि मूळ प्रत मुलीच्या हातात द्या, मध्यस्थाच्या डायरीत नको. वाचून दाखवायची लाज वाटेल अशी वस्तू यादीत असेल, तर ती देऊ नका आणि घेऊ नका. येत्या लग्नसराईत आमच्या गटांतल्या बायांनी आपापल्या घरच्या लग्नांपासून ही सुरुवात करायचे ठरवले आहे. उपासक-उपासिका, विहार समित्या आणि बौद्धाचार्यांनी ती पुढे न्यावी.

जयभीम!