कन्नडचा घाट, आई आणि बोगदा

घाट म्हटलं की आमच्या ऑफिसातली पुण्याकडची मंडळी खंडाळा, ताम्हिणी, वरंधा, माळशेज अशी नावं फटाफट घेतात. मग एखादा बुलेटवाला लडाखचा विषय काढतो. उमलिंग ला म्हणजे १९,०२४ फूट, बोला आता! त्याच्यापुढे आपले सगळे घाट म्हणजे सोसायटीतले स्पीडब्रेकर. अशा वेळी मी हळूच विचारतो, "कन्नडचा घाट पाहिलाय का?" त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे कर्नाटकात?"

नाही हो. कन्नड हा आमच्या जिल्ह्यातला तालुका. औरंगपुऱ्यातून निघायचं, वेरूळवरून साधारण साठेक किलोमीटर गेलं की कन्नड येतं. तिथून पुढे थोड्याच वेळात मराठवाड्याचं पठार एकदम संपतं. अक्षरशः संपतं. समोर खाली खानदेश पसरलेला असतो आणि रस्ता वळणं घेत त्यात उतरतो. कन्नड साधारण ६३० मीटर उंचीवर, चाळीसगाव ३४५ च्या आसपास. हिमालयवाल्यांनी हसायला हरकत नाही. पण सातमाळा-अजिंठ्याच्या या रांगेत अलीकडे पडलेला पाऊस शिवनेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. पलीकडे पडलेला तितूर, गिरणा, तापी करत अरबी समुद्रात. एका डोंगरावरच्या पावसाला दोन समुद्र! हे मला अजूनही भारी वाटतं.

भाषासुद्धा इथेच बदलते. माझी आई चाळीसगावची. औरंगपुऱ्यात भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती पक्की मराठवाड्याची असते. घाट उतरला की हळूहळू अहिराणी सुरू. मामाच्या दारात "उनी का माय?" ऐकू येईपर्यंत तिचं रूपांतर पूर्ण झालेलं असतं. लहानपणी मला वाटायचं, घाटात कुठेतरी भाषा बदलायचं बटण आहे.

या घाटाचं कागदोपत्री नाव औट्रम घाट. जेम्स आउट्रम नावाचा इंग्रज अधिकारी १८२५ मध्ये खानदेशात आला, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. (आमच्याकडे बाविसाव्या वर्षी लोक कॅम्पसमधून लागून बेंचवर बसतात.) इथल्या भिल्लांनी इंग्रजांना जेरीस आणलं होतं. आउट्रमने आधी त्यांच्याशी लढाई केली आणि मग त्यांच्यातलेच जवान घेऊन भिल्ल पलटण उभी केली. १८२५ मध्येच तिकडे आल्प्समध्ये स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता पूर्ण झाला. उंची २,७५७ मीटर, आणि एका बाजूला तब्बल ४८ हेअरपिन वळणं. आज जगभरचे बाइकवाले तिथे फोटो काढायला जातात. पण ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने तो बांधला होता लोम्बार्डीवर ताबा राखण्यासाठी. थोडक्यात काय, खिंडीतला रस्ता निसर्ग बघायला कुणी बांधत नाही. तो फौजेसाठी, मालासाठी, पलीकडच्या माणसांसाठी असतो. निसर्ग हे बायप्रॉडक्ट.

आणि ही गोष्ट इंग्रजांपेक्षा फार जुनी आहे. घाटाजवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथल्या एका खांबावर दात्याचं नाव कोरलंय, मितदेव. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला, राहणार पैठणचा. माझ्या घरापासून पैठण गेट पायी पाच मिनिटांवर. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी अत्तराच्या धंद्यातला एक पैठणकर या डोंगरात एका खांबाचे पैसे देऊन गेला. आता एवढ्या लांब त्याचं काय अडलं होतं? माझ्या मते तोही घाट उतरूनच पलीकडे माल विकत असणार. पुरावा नाही, पण धंदेवाईक माणूस वाटेवरच्या देवाला विसरत नाही एवढं नक्की.

ज्या खडकात लेणी कोरली तोच बेसॉल्ट फोडून हा रस्ता काढलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. काही थर पोलादासारखे टणक, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. भेगांतून पाणी मुरतं, ठिसूळ थर झिजतो, आणि वरचा टणक खडक आधाराविना लटकत राहतो. मग एखाद्या जोरदार पावसात तो खाली येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीममध्ये बग पहिल्यापासून असतो, लोड आल्यावर दिसतो.

तो लोड ऑगस्ट २०२१ च्या शेवटी आला. एका रात्रीत एवढा पाऊस झाला की घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि वाहनं अडकली. खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर आला. मामाचं किराणा दुकान नदीजवळच्या सखल भागात. सकाळी टीव्हीवर चाळीसगाव दिसलं आणि मामाचा फोन लागेना. आई हातात मोबाइल घेऊन गॅलरीत उभी. दुपारी एकदाचा फोन लागला. माणसं ठीक होती, दुकानात छातीएवढं पाणी. आई म्हणाली, "चल, निघू." कुठून निघणार? घाट बंद. तिसऱ्या दिवशी देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव असा मोठा वळसा घालून आम्ही पोचलो. मामा चिखलातून भिजलेली पोती ओढत होता. आई एक शब्द बोलली नाही. पदर खोचला आणि झाडू घेतला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक कायमचा वाद आहे: बोगदा. सोलापूर-धुळे महामार्गासाठी (पूर्वीचा २११, आताचा ५२) या घाटाला बोगद्याचा पर्याय असावा, ही चर्चा मी कळत्या वयापासून ऐकतोय. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून घाटात अवजड वाहनांना बंदी झाली. तासन् तास ट्रकमागे तुंबणारा घाट मोकळा झाला. पण ते ट्रक हवेत विरले नाहीत ना! ते नांदगावच्या वळशावर गेले. डिझेल जास्त, वेळ जास्त, आणि त्या रस्त्यावरच्या गावांना नवा त्रास.

माझं म्हणणं असं, की घाट दोन्ही बाजूंनी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. १९८६ पासूनचं हे अभयारण्य, सुमारे २६० चौरस किलोमीटर. पावसाळ्यात कड्यांवरून धबधबे, खाली ढग, रात्री रस्ता ओलांडणारी जनावरं. रस्ता आणखी रुंद करण्यापेक्षा वाहतूक डोंगराखालून गेलेली बरी, हे मलाही पटतं. भीती वेगळी आहे. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, तरी वरची खिंड पर्यटकांमुळे जिवंत आहे. आपल्याकडे महामार्ग खालून गेला तर वरच्या रस्त्यावरची दरड कोण उचलणार? दोन पावसाळ्यांत तो रस्ता झुडपांत जाईल.

आईचं उत्तर एका वाक्याचं. "तुला घाट बघायला पाहिजे, मला पोचायला पाहिजे."

यावर मी अनेक मुद्दे काढून पाहिले. एकही टिकला नाही. तरी मी हट्ट सोडलेला नाही. माझी मागणी सोपी आहे: बोगदा करा, आणि जुन्या रस्त्याच्या देखभालीची सोय त्याच मंजुरीत लिहून ठेवा. महामार्गासाठी नाही, अभयारण्यासाठी आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांसाठी. आई म्हणते, "लिही की तुझ्या त्या वेबसाइटवर." म्हणून लिहिलं.

असो. पावसाळ्यात जाणार असाल तर मामाचे दोन नियम देतो, त्याची अर्धी हयात या घाटातून माल आणण्यात गेली आहे. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. फोटो काय, नंतरही काढता येतात.