डूलॉखची वाट

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडचे रस्ते घाईच्या माणसासाठी नाहीत. गॉलवे शहर सोडून कॉनेमाराकडे निघालं की हमरस्त्याला फुटणारा प्रत्येक फाटा एका गाडीपुरत्या वाटेवर नेऊन सोडतो. कुठे कुठे डांबराच्या मधोमध गवताची रेघ उगवलेली असते. समोरून ट्रॅक्टर आला, तर ज्याला सोयीचं त्यानं मागे जायचं, एखाद्या शेताच्या फाटकाशी गाडी दाबून उभी करायची आणि दुसऱ्यानं जाताना स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचं. अख्खा हात नाही, नुसती तर्जनी. ओळख असो-नसो, बोट वर होतंच. २०२५ च्या फेब्रुवारीत इथल्या गावरस्त्यांची वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली गेली; पण या वाटांवर तेवढंसुद्धा जावंसं वाटत नाही. गाडी धाकटी बहीण चालवत होती. ती इथेच नोकरीला आहे. “ताई, तू फक्त बघत राहा,” असं तिनं निघतानाच सांगून टाकलं होतं.

बघण्यासारखं सगळ्यात आधी काय असेल, तर गडगे. कोकणात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे जांभ्याचे, इथे करड्या दगडाचे. चुना नाही, माती नाही, सिमेंट तर नाहीच. खाली मोठे धोंडे, वर लहान, आणि मधल्या फटींतून पलीकडचं शेत दिसतं. त्या फटींमुळेच गडगा टिकतो, कारण अटलांटिकवरून येणारा वारा त्याला ढकलत नाही, त्यातून निघून जातो. एका ठिकाणी मी उतरून हात लावून पाहिला. दगडावर पांढऱ्या दगडफुलाचे गोल डाग, फटीत नेचा आणि काटेरी जाळीला अडकलेला मेंढीच्या लोकरीचा ओलसर झुबका. कुठे कुठे शेताला फाटकच नसतं. गुरं आत घालायची तर तेवढ्यापुरते दगड उतरवायचे आणि गुरं गेली की पुन्हा रचायचे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आयर्लंडच्या या कोरड्या दगडकामाची नोंद झाली. मला ते फार योग्य वाटलं, कारण रोज उतरवून रोज रचलेलं काम सहसा कुणाच्या नोंदीत येत नाही.

पाऊस येत-जात होता. लीनान गावापाशी किलरीची खाडी लागते, डोंगरांच्या मधून लांबवर आत शिरलेली. तिच्या उतारावर ऊन तिरकं पडलं आणि गवताखालून समांतर रेघा वर आल्या. सरी-वरंबे! शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला ते लगेच ओळखू येतात. आता तिथे फक्त मेंढ्या चरतात, पाठीवर मालकाचा निळा-लाल रंग लावलेल्या. वरंबे बटाट्याचे आहेत. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि एका पिकावर जगणारा गरीब शेतकरी उघडा पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच जहाजांत बसून देश सोडून गेली. त्याच काळात या बेटावरून धान्य आणि जनावरं बाहेर विकायला जातच होती. खाडीपलीकडच्या मेयो परगण्यात १८४१ च्या जनगणनेत पावणेचार लाखांहून अधिक लोक होते. २०२२ मध्ये साधारण एक लाख अडतीस हजार. प्रवासी ज्या निवांतपणाचं कौतुक करतात, त्यातला बराचसा निवांतपणा असा तयार झालेला आहे. ते कळल्यावर देखावा कमी सुंदर होत नाही. पण तो नुसता देखावा उरत नाही, एवढं मात्र खरं.

इथल्या काही वाटासुद्धा त्याच काळातल्या. सरकारनं मदत म्हणून कामं काढली. फुकट खायला द्यायचं नाही, आधी खडी फोडा, रस्ता करा. १८४७ च्या मार्चमध्ये अशा कामांवर सात लाखांहून अधिक माणसं होती, उपाशी अंगानं, थंडीत. काही रस्ते कुठेच पोचत नाहीत, माळावर जाऊन थांबतात. या मदतीचा कारभार लंडनच्या तिजोरीखात्यातून चार्ल्स ट्रेव्हेलियन पाहत होता. त्याची नोकरी सुरू झाली होती बंगालमध्ये, ईस्ट इंडिया कंपनीत. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला.

डूलॉख हे किलरीच्या उत्तरेचं एक लांबट, काळसर तळं. एका अंगाला म्विलरियाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला शेफ्री टेकड्या, मधून रस्ता. मार्च १८४९ च्या अखेरीला लुइसबर्गमधले शेकडो भुकेले लोक या वाटेनं डेल्फी लॉजपर्यंत चालत आले होते. मदत कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या साहेबांनी तपासणीला तिथे बोलावलं होतं. हजर न राहणाऱ्याची मदत बंद होणार होती. तिथून त्यांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं गेलं, आणि परतताना वाऱ्यापावसात माणसं वाटेवरच पडली. रस्त्याच्या कडेला त्यांच्या आठवणीचा एक साधा दगडी क्रूस आहे. त्यावर गांधीजींचं वचन कोरलंय. आम्ही दोघी ते वाचून बराच वेळ उभ्या होतो.

मला आजी आठवत होती. वडील कोकणातले, पण आई सोलापूरकडची, आणि तिच्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती. मस्टरवर नाव, दुपारी सुकडी, घरी मिलोच्या भाकरी. फरक आहे, आणि तो मोठा आहे: आपल्याकडे त्या कामांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पण खडीवर बसलेल्या बाईचा हात दोन्हीकडे सारखाच फुटला असणार.

लुइसबर्गला चहा-ब्रेडसाठी थांबलो. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे शेतकरी होते. कुठून आलात, विचारलं त्यांनी. बहिणीनं वाट सांगितली, तसे ते म्हणाले, आम्ही दरवर्षी ती चालतो. १९८८ पासून लोक जमतात, बाहेरदेशचेही येतात. मग मी आजीचं सांगितलं. त्यांना मिलोचं कुतूहल वाटलं: धान्य कुठलं, रंग कसा, पोळीसारखं लाटता येतं का? लाल असतं, अमेरिकेतून यायचं, मी म्हटलं. लाटायचं नाही, हातानं थापायचं, आणि चिकटपणा नसल्यामुळे भाकरी कडेला फाटायची. ते हसले. त्यांच्याकडेही दुष्काळात अमेरिकेतून मका आला होता, तो धड दळलेला नसायचा, शिजायचा नाही, पोटात दुखायचं, असं त्यांच्या पणजोबांपासून घरात सांगत आले होते. मग बहिणीनं आणखी एक किटली चहा मागवला.