खळ

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी, इचलकरंजीस गेले असता अण्णांचा औषधांचा डबा आवरण्याचे काम माझ्याकडे आले. डब्याच्या तळाशी एकाच गोळीची तीन महिन्यांची पाकिटे निघाली. स्पायरोनोलॅक्टोन, २५ मिलिग्रॅम. एकही गोळी फोडलेली नव्हती. आदल्याच आठवड्यात अण्णा चार दिवस रुग्णालयात राहून आले होते. आडवे होताच धाप लागे, पाय सुजले होते, जिन्याच्या दोन पायऱ्याही चढवत नव्हत्या. औषधे नियमित चालू आहेत, असे आम्ही सर्वांनी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितले होते.

"अण्णा, ही का घेतली नाही तुम्ही?"

"ती लघवीची गोळी ना? सूज तर नव्हती. मग कशाला घ्यायची उगीच?"

शब्द त्यांच्या तोंडचे, पण होते माझेच. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांना घरी आणले, तेव्हा त्या डब्यातील गोळ्यांवर चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या. 'रक्त पातळ करणारी', 'कोलेस्टेरॉलची', 'लघवीची'. कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईने एवढे एकच विशेषण लिहावे आणि त्याचा परिणाम वडिलांच्या फुप्फुसांत पाणी साचण्यात व्हावा, ही टोचणी घेऊन मी परतले आणि वाचायला बसले.

हृदयाच्या स्नायूपेशी आपण शाळेत शिकवतो. त्यांच्या मधोमध वसणाऱ्या फायब्रोब्लास्ट या तंतुजनक पेशींचा मात्र एका ओळीत निकाल लावतो. निरोगी हृदयात त्या स्नायूंना आधार देणारे कोलॅजेनचे नाजूक जाळे राखत बसलेल्या असतात. झटका येतो, रक्तवाहिनी बंद पडते, स्नायूचा एक भाग मरतो. ती जागा नव्या स्नायूने भरून निघत नाही. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००९ साली, जुन्या अणुचाचण्यांमुळे माणसांच्या पेशींत उतरलेला कार्बन मोजून दाखवले की पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग त्या भिंतीला पडू पाहणारे भोक बुजवायचे कोणी? फायब्रोब्लास्टनीच. जखमेतून 'टीजीएफ-बीटा' नावाचे प्रथिन मोकळे होते, ते या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला जाऊन चिकटते, निरोप पेशीकेंद्रात पोहोचतो आणि शांत पेशी रूप पालटते. तिच्यात स्नायूसारखे आकुंचन पावणारे तंतू तयार होतात. तिला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. १९७१ साली गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे प्रथम वर्णन केले, तेही हृदयात नव्हे, भरत आलेल्या जखमेच्या मांसात. ही पेशी जखमेच्या कडा ओढून धरते आणि कोलॅजेनचे दोर विणीत राहते. काही आठवड्यांत पक्का व्रण तयार होतो. हा व्रण धरला नाही तर हृदयाची भिंत फाटते आणि रुग्ण पहिल्या काही दिवसांतच दगावू शकतो.

म्हणजे अण्णांना वाचवले ते याच व्रणाने. हे वाचेपर्यंत मी 'फायब्रोसिस' हा शब्द केवळ शत्रूचे नाव म्हणून उच्चारीत होते.

कातडीवरील जखम भरली की मायोफायब्रोब्लास्ट आपले काम संपले असे जाणून बहुतांशी मरून जातात. हृदयात तसे होत नाही. तेथे प्रत्येक ठोक्याला व्रण ताणला जातो. त्या पेशी वर्षानुवर्षे टिकून राहू शकतात. शिवाय थकलेले हृदय रक्त पुरेसे ढकलीत नाही, म्हणून मूत्रपिंडाला वाटते की शरीरात पाणीच कमी आहे. ते अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके वाढवणारी साखळी सुरू करते. ही संप्रेरके मीठ-पाणी साठवतातच, पण जेथे झटका आलाच नव्हता अशा चांगल्या स्नायूतील फायब्रोब्लास्टनाही ती कामाला लावतात. धाग्याधाग्यामध्ये कोलॅजेन साचते, हृदय ताठर होते. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की ताठरपणा हाच पुन्हा टीजीएफ-बीटाला त्याच्या कोषातून ओढून मोकळे करतो.

अण्णांची गोळी अल्डोस्टेरॉनला अडवते. कार्ल वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा रक्तदाब उतरणार नाही इतक्या लहान मात्रेनेही हृदयातील कोलॅजेन वाढणे थांबले. पुढे १९९९ साली १६६३ रुग्णांवरील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गंभीर हृदयदौर्बल्य असलेल्यांत या लहानशा मात्रेने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला होता. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. ज्यांच्या रक्तात कोलॅजेन तयार होत असल्याच्या खुणा अधिक होत्या, त्यांनाच गोळीचा लाभ विशेष झाला, हेही त्याच रुग्णांच्या रक्ततपासणीतून दिसले. मी तिला 'लघवीची' म्हटले होते.

हे सारे अण्णांना सांगायचे कसे? चाळीस वर्षे त्यांनी यंत्रमाग चालवले. मी टीजीएफ-बीटापासून सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच थांबले. मग कोलॅजेनबद्दल सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले,

"म्हणजे खळ म्हण की. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ दिली नाही तर ते मागावर टिकत नाही. जास्त झाली तर कडक होऊन तुटतं. माझ्या सुताला खळ जास्त झालीय."

माझ्या बावीस वर्षांच्या शिकवण्यात इतके नेमके वाक्य आले नव्हते.

"झालेली खळ धुऊन काढता येते का गं?" त्यांनी विचारले. कापडाची येते, एवढेच त्यांना ठाऊक. मी खरे तेच सांगितले. उंदरांत, रोगप्रतिकारक पेशींना शिकवून अशा फायब्रोब्लास्टवर सोडण्याचे प्रयोग २०१९ पासून झाले आहेत. आपल्या हातात आज आहे ते नवी खळ चढू न देणे.

तरीही गोळी घेण्याबाबत ते टाळाटाळच करीत राहिले. खरे कारण मला कळले ते माझ्या यजमानांकडून. अण्णांची छाती स्त्रियांसारखी भरून आली होती, हात लागला तरी दुखे. लेकीला, सुनेला हे सांगायचे कसे? म्हणून त्यांनी सदरा सैल शिवून घेतला आणि गोळी गुपचूप बंद केली. ही गोळी पुरुषी संप्रेरकालाही अडथळा करते. त्या १९९९ च्या चाचणीतही १० टक्के पुरुषांना हा त्रास झाला होता. आम्ही कोणी त्यांना आधी सांगितलेच नव्हते. जावयाला सांगतानाही, म्हणे, ते खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरांनी मात्र हे ऐकून क्षणभरही आश्चर्य दाखवले नाही. एप्लेरेनोन नावाची दुसरी गोळी लिहून दिली. ती त्याच ग्राहकाला अडवते, पण असा त्रास क्वचितच देते. रक्तातील पोटॅशियम ठरावीक अंतराने तपासायला बजावले. मग सहज विचारले, घरात मीठ कोणते वापरता? वहिनींनी अण्णांच्या काळजीपोटी महागाचे 'कमी सोडियमचे' मीठ आणून ठेवले होते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि या गोळ्यांसोबत ते धोक्याचे. वहिनींचा चेहरा पडला. माझ्या चिठ्ठीची आठवण काढून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

डब्यावरील चिठ्ठ्या मी बदलल्या. या गोळीवर काय लिहावे, असे अण्णांनाच विचारले. त्यांनी पेन घेतले आणि मोडीच्या वळणाच्या आपल्या अक्षरात लिहिले : 'खळीची'. मागांच्या जुन्या वहीत सुताच्या दराचा रकाना अजून रिकामा आहे. त्यात आता ते तारखेसह पोटॅशियमचा आकडा टिपून ठेवतात.