धुळीचा रंग

घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या मेजाकडे पाहून “मुलासाठी वाटतं?” असे विचारतो आणि मी प्रत्येक वेळी थोडासा ओशाळतो. मेजावर पितळी पत्र्याचे एक चिमुकले इंजिन असते. ते मुलासाठी नाही, वडिलांसाठी आहे.

नानांचे बालपण नेरळला गेले. माथेरानची छोटी गाडी ही त्यांची बालमैत्रीण. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेला हा मार्ग 1907 साली सुरू झाला. त्यावरची इंजिने जर्मनीत ऑरेनस्टीन आणि कॉपेल यांच्या कारखान्यात घडली. घाटातील वळणे इतकी अवघड की, चाकांच्या तीन जोड्यांपैकी पुढची व मागची जोडी किंचित आडवी सरकावी अशी योजना त्यांत होती. 1980 च्या दशकात त्यांची जागा डिझेलने घेतली. नानांच्या दृष्टीवर आता पडदा येऊ लागला आहे. तो पुरता पडण्यापूर्वी त्यांची मैत्रीण त्यांना एकदा भेटवावी, एवढाच माझा हेतू होता.

माप मोठे सोयीचे मिळाले. खऱ्या एका फुटास 16 मिलिमीटर धरले की दोन फुटी रूळ बरोबर 32 मिलिमीटरचा होतो. पत्रा कापला, डाख दिला, रिव्हेटचे एकेक टिंब मागून बोथट सुईने उठवले. पितळ चिंचेने घासून, साबणाने धुऊन अस्तर दिले आणि वर काळ्या रंगाचे पातळ हात चढवले. हात जाड झाला तर महिनाभर उठवलेली टिंबे त्यात बुडून जातात! शेवटी इंजिन असे लखलखले की त्यात माझा चष्मा दिसू लागला. मी ते मोठ्या अभिमानाने नानांपुढे ठेवले.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेले, फिरवून पाहिले आणि म्हणाले, “सुरेख झालंय रे. पण हे अजून डोंगर चढलेलं नाही.”

मला राग आला, हे कबूल करतो. परंतु रात्री विचार करता त्यांचे म्हणणे पटले. नेरळला त्या इंजिनांपैकी एक जपून ठेवले आहे. मी पाहिले तेव्हा ते नव्या रंगाने चकाकत होते, आणि खरे असूनही मला खेळण्यासारखे भासले होते.

मग मी नानांचीच उलटतपासणी घेतली. काजळी कोठे बसे? “छपरावर. धूर मागेच यायचा ना!” पाणी कोठे सांडे? “वॉटर पाइपला थांबली की टाकीच्या कडेनं ओघळायचं. पांढरे डाग राहायचे.” आणि धूळ? “खाली सगळीकडे. तांबडी.”

तांबडी धूळ मी माथेरानहूनच आणली. खलात कुटली, वस्त्रगाळ केली आणि चाकांवर शिंपडली. ती धूळ दिसेना. खडी दिसू लागली! कारण उघड होते. इंजिन एकोणीस पटींनी लहान झाले होते, धूळ मात्र आपल्या मूळ मापाचीच राहिली होती. अर्ध्या मिलिमीटरचा कण तेथे जवळजवळ 1 सेंटिमीटरचा खडा होतो. खरी माती झाडून टाकावी लागली आणि खोटी रंगवावी लागली: पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग, त्यावर तांबूस खडूची भुकटी, कोरड्या कुंचल्याने टेकवलेली. काळ्यातही थोडा करडा मिसळला. लहान वस्तूवर निव्वळ काळा रंग भोकासारखा दिसतो. वर्षभराच्या श्रमांवर पहिला मळका कुंचला फिरवताना माझा हात कापत होता.

आठवणींचेही असेच असावे. गेलेला काळ होता तसा उचलून आणता येत नाही. आणलाच तर आपल्या आजच्या मापात तो बसत नाही. त्याच्यासाठी धूळसुद्धा नव्याने कालवावी लागते.

परवा इंजिन पुन्हा नानांच्या हाती दिले. या खेपेस ते काहीच बोलले नाहीत. टाकीच्या कडेचा पांढरा ओघळ त्यांनी नखाने हळूच चाचपला. मग चाकांवरून बोट फिरवले आणि ते बोट डोळ्यांशी नेऊन बराच वेळ निरखीत राहिले.

बोट स्वच्छ होते. तरीही त्यांनी ते धोतराला पुसले.