भिंतीचा सदरा

मुलांनो, तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं कपाट आहे का? डबे, बरण्या, कपबश्या ठेवायचं? असेल तर जरा उठा आणि त्याच्याकडे नीट बघा. ते कशाच्या आधारावर टांगलंय, दिसतंय का? नाही ना? मलाही दिसलं नव्हतं. त्यातूनच माझी फजिती झाली. फजिती कसली, मोठं संकटच दारात येऊन परत गेलं!

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. आम्ही प्लायवूडचं कपाट आणलं. तीन फूट रुंद, दोन फूट उंच, एक फूट खोल. सुतारदादा म्हणाले, "बसवून द्यायला दोन दिवसांनी येतो." पण मला कुठला धीर! शाळेत मी तुम्हां मुलांना कार्यानुभव शिकवते, मग एक कपाट मला बसवता येणार नाही? भिंतीत चार भोकं पाडली, लाकडी गुट्ट्या ठोकल्या, त्यांत दीड इंची खिळे मारले आणि कपाट चढवलं. हलवून पाहिलं, तर जागचं हलेना. मी खूश! शेजारणींना बोलावून दाखवलंसुद्धा.

नऊ महिने कपाट गुमान राहिलं. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी माझी बालवाडीतली लेक नेहमीप्रमाणे त्याच्याचखाली पाट टाकून भातुकली खेळत होती. बाहेर गोळेवाल्याची घंटा वाजली. तशी ती भातुकली टाकून पळाली. ती जेमतेम अंगणात पोचली असेल, तोच धाडकन आवाज झाला. जाऊन बघते तर कपाट ओट्यावर आपटून खाली, बरण्यांचा चुरा, लोणचं सगळीकडे, आणि पाटाचे दोन तुकडे.

मुलांनो, लोणचं पुन्हा घालता येतं. पण त्या पाटाकडे पाहून माझे पाय लटपटले. मी तिथंच जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, तर मुलांचा एकच गलका, "बाई, हाताला काय लागलं?" काचा उचलताना बोट कापलं होतं. मी सगळं सांगितलं. तेव्हा चौथीतला एक मुलगा उठला. त्याचे वडील गवंडीकाम करतात. (नाव सांगत नाही, लाजाळू आहे बिचारा.)

"बाई, खिळा गिलाव्यात मारलाता का?"

"अरे, भिंतीत मारला."

"गिलावा म्हंजे भित न्हाई, बाई. त्यो भितीचा सदरा. सदऱ्याला धरून कुणी लोंबकळतं व्हय?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण मनात म्हटलं, बाई, आज तू विद्यार्थी!

पुढच्या रविवारी त्याचे वडील मुलाला घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "काम तुम्हीच करा बाई, मी नुसता बघतो."

आधी त्यांनी माझी जुनी भोकं दाखवली. घरातल्या भिंतीवर गिलाव्याचा थर जेमतेम अर्धा इंच असतो. खरी ताकद त्यामागच्या विटेत. माझे खिळे गिलावा ओलांडून विटेत पुरते शिरलेच नव्हते. शिवाय लाकूड पावसाळ्यात दमट होऊन फुगतं आणि उन्हाळ्यात सुकून आक्रसतं. जुलैत घट्ट बसलेल्या गुट्ट्या एप्रिलमध्ये सैल झाल्या होत्या!

मग आम्ही वजन केलं. रिकामं कपाट अठरा किलो, आतलं सामान सत्तावीस किलो. म्हणजे पंचेचाळीस किलो! चौथीतली जवळजवळ दोन मुलं भिंतीवर टांगल्यासारखं. आणि कपाट नुसतं खाली ओढत नाही, ते वरच्या बाजूने पुढेही झुकू बघतं. एक प्रयोग करा. दप्तर छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. दप्तर तेच, पण हात भरून येतो ना? कपाट जितकं खोल, तितकी वरच्या स्क्रूंवर ओढ जास्त. म्हणून जड डबे मागे, भिंतीला चिकटून ठेवायचे.

आता भोकं कुठं पाडायची? स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली नाही, कारण तिथून वायर गेलेली असू शकते. नळाच्या रेषेतही नाही, तिथं पाइप असतो. जागा ठरल्यावर पाणसळ लावली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं. तिची दोन्ही टोकं लांब लांब धरली, तरी पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबतं. एक टोक त्या मुलाने धरलं, दुसरं माझ्या लेकीने. दोन खुणा झाल्या, त्यांवरून रेघ मारली.

मग ड्रिल. डोळ्यांना चष्मा लावून ते मी चालवलं. मुलांनो, हे काम मोठ्यांचंच, तुम्ही लांबूनच बघायचं. आधी राखाडी भुकटी पडली. "ह्यो सदरा," मुलगा पुटपुटला. मग भुकटी लाल झाली. "आली वीट!" तो ओरडलाच. एका भोकात लाल भुकटी येईचना. तिथं दोन विटांमधला सांधा होता. ते भोक सोडून दिलं आणि थोडं बाजूला पाडलं.

भोकात प्लॅस्टिकचा प्लग पार विटेपर्यंत सारला. दुकानात त्याला रावलप्लग म्हणतात. लंडनच्या जॉन रॉलिंग्ज यांनी १९११च्या सुमारास तो शोधला, म्हणून हे नाव. तेव्हा तो धाग्यांचा असे. स्क्रू आत शिरू लागला की प्लग फुगतो आणि विटेला घट्ट आवळून धरतो. कपाटाची पाठ पातळ असते, फाटायची भीती. म्हणून आत वरच्या बाजूला जाड पट्टी लावली आणि तिच्यातून वायसर घालून तीन इंची स्क्रू पिळले. कपाटाला खालून आधार द्यायला एक फळी होतीच. ती शेवटी काढली.

लगेच डबे नाही भरले. आधी तांदळाचं पोतं उतरवून थोडं थोडं वजन ठेवलं. एक रात्र तसंच राहू दिलं. सकाळी कपाट आणि भिंत यांच्यात पोस्टकार्डाची कड सरकवून पाहिली. जाईना! तेव्हा कुठं बरण्या आत गेल्या.

पालकहो, तुमच्या घरच्या कपाटामागेही एकदा असं कार्ड सरकवून बघा. वरच्या बाजूला फट दिसली, तर कपाट त्याच दिवशी रिकामं करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. माझ्यासारखी घाई करू नका.

आणि मुलांनो, परवा वर्गात एकाने पाढा घडाघडा म्हटला. मी विचारलं, "सात आठे छप्पन्न कसे रे?" तो गप्प. तेवढ्यात मागून आमच्या गवंड्याच्या मुलाचा बारीक आवाज आला, "बाई, ह्यो गिलावा हाय. वीट आजून लागली न्हाई."

मग आम्ही चिंचोके काढले आणि आठाआठाच्या सात ओळी मांडायला बसलो.